बेल्ट अडकवायचा कुठे?

एप्रिल सरला की गोव्यात छपरांची घाई सुरू होते. जुन्या घरांची कौले परतायची असतात, सोसायट्यांच्या गच्चीवर पत्रे चढवायचे असतात, हॉटेलांना बाहेरून रंग काढायचा असतो, आणि सगळ्यांनाच ते पहिल्या पावसाच्या आत हवे असते. याच दिवसांत वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींची बातमी येते. कामगार उंचावरून पडला, मूळचा परराज्यातला, वय तिशीच्या आसपास, पोलिसांनी पंचनामा केला, मृतदेह शवचिकित्सेसाठी गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयात पाठवला. मग वाद झडतो. एक बाजू म्हणते, बेल्ट दिला तरी हे लोक घालत नाहीत, वर दारू पिऊन चढतात, मालकाने करायचे तरी काय? दुसरी बाजू म्हणते, ठेकेदाराला आत टाका आणि सरकारने कुटुंबाला मदत जाहीर करावी. दोन दिवसांनी दोघेही गप्प होतात आणि शेजारच्या गच्चीवर काम त्याच पद्धतीने चालू राहते.

हा वाद आपण चुकीच्या टोकाकडून धरला आहे. ‘बेल्ट घातला होता का?’ हा प्रश्न विचारायचाच, पण तो शेवटी. त्याआधी विचारायला हवे की तो बेल्ट अडकवायचा कुठे होता? ती जागा त्या गच्चीवर होती का, आणि नसेल तर ती तयार करणे कुणाचे काम होते? या प्रश्नांची उत्तरे शोधायला लागले की बोट कामगाराच्या कमरेवरून हलते आणि काम ज्याने ठरवले, ज्याने दर लावला, ज्याने मुदत दिली त्याच्याकडे वळते. पडणे टाळण्याची व्यवस्था करणे हे काम देणाऱ्याचे कर्तव्य आहे. आणि ती करूनही माणूस पडला, अगदी स्वतःच्या चुकीने पडला, तरी भरपाई हे काम देणाऱ्याचे देणे आहे. यात दयेचा भाग कुठेच नाही. सिमेंट आणि लोखंड यांच्यासारखाच तो त्या कामाचा खर्च आहे.

गच्चीवरच्या पत्र्याचे काम जवळून पाहू, कारण गोव्यात आज हे काम जागोजागी चालते. फॅब्रिकेटर तीन-चार मुले घेऊन येतो. कठड्यालगत लोखंडी पाइपचे खांब उभे राहतात, त्यांवर कैच्या, म्हणजे छपराचे तिकोनी सांगाडे, वेल्ड होतात, कैच्यांवर आडवे पाइप, आणि त्यांवर अर्ध्या मिलिमीटर जाडीचे रंगीत पत्रे स्क्रूने बसतात. गच्चीला तीन फुटांचा कठडा आहे, म्हणून सगळ्यांना वाटते की जागा सुरक्षित आहे. पण मुलगा स्टुलावर किंवा शिडीच्या तिसऱ्या पायरीवर चढला की कठडा त्याच्या गुडघ्याखाली जातो आणि त्याचा काही उपयोग उरत नाही. छपराची वळचण कठड्याच्या बाहेर फूट-दीड फूट काढलेली असते, म्हणजे पाणी भिंतीवर येऊ नये. त्या बाहेरच्या टोकाचा स्क्रू मारायला आणि पन्हळ बसवायला माणसाला कठड्याबाहेर झुकावेच लागते. चार मजले खाली पार्किंगची फरशी असते.

त्यात मे महिन्याचा वारा. पाच मीटर लांब, मीटरभर रुंद पत्र्याचे वजन वीस-बावीस किलो; दोन माणसे तो सहज उचलतात. पण ताशी चाळीस किलोमीटरचा झोत त्याच्या पाच चौरस मीटरवर आडवा आला तर सुमारे ३७ किलोंचा ढकला बसतो. पत्रा शिडासारखा भरतो आणि धरणाऱ्याला ओढून नेतो. हातातला पत्रा सोडायचा की नाही हे ठरवायला त्याच्याजवळ अर्धा सेकंदही नसतो, आणि पत्रा सोडला तर खालच्या कुणाच्या डोक्यात जाईल ही भीती वेगळीच.

आता या मुलाला बेल्ट द्या. बाजारात ‘बेल्ट’ म्हणून जे स्वस्तात मिळते ते पुष्कळदा नुसता कमरपट्टा असतो, त्याला जाड दोरी आणि एक हूक. पडता माणूस कमरेत झटक्याने अडवला तर पोटातले अवयव आणि पाठीचा कणा यांवर सगळा भार येतो. म्हणून पडणे अडवण्यासाठी खांदे, छाती आणि मांड्या यांना धरणारा पूर्ण अंगाचा हार्नेस लागतो. समजा तोही दिला. त्याची दोरी दोन मीटरची, तिला झटका शोषणारी घडी. झटका बसला की ती घडी उसवत पावणेदोन मीटरपर्यंत लांबते. पाठीवरच्या कडीपासून पायापर्यंत अंगाची लांबी दीड मीटर, आणि वर मीटरभर मोकळी जागा ठेवायची. बेरीज झाली सव्वासहा मीटर. म्हणजे हूक जिथे अडकवला त्याच्या खाली सव्वासहा मीटर मोकळी जागा नसेल, तर हार्नेस घातलेला माणूसही जमिनीवर आदळतो. गोव्यातल्या साध्या बैठ्या घराचे छप्पर चार-साडेचार मीटरवर असते. चार मीटरवरून माणूस ०.९ सेकंदात खाली येतो आणि आदळताना त्याचा वेग ताशी ३२ किलोमीटर असतो. तिथे छपराच्या पातळीला हूक अडकवून बेल्ट घातला काय आणि न घातला काय, फरक फारसा पडत नाही. तिथे कडेला कठड्याची परांची लागते, किंवा दोरी इतकी आखूड बांधावी लागते की माणूस कडेपर्यंत पोहोचूच शकणार नाही.

आणि हूक अडकवायचा कशाला? ज्या कैचीवर बसून मुलगा वेल्डिंग करतो आहे तिचा जोड नुकता टाचून ठेवलेला असतो. पाण्याच्या टाकीचा पीव्हीसी पाइप, टीव्हीचा अँटेना, कठड्यात खोवलेली सळी, ही खऱ्या कामावर दिसणारी ठिकाणे आहेत. पडत्या माणसाचा झटका चांगल्या हार्नेसमध्येही सहा किलोन्यूटनपर्यंत, म्हणजे सहाशे किलो टांगल्याइतका असू शकतो. म्हणून आधाराची जागा त्याच्या दुपटीहून अधिक ताकदीची धरतात. अशी जागा स्लॅबमध्ये किंवा पक्क्या खांबात, काम सुरू होण्याआधी बसवावी लागते. ती बसवायला अर्धा दिवस जातो. हा अर्धा दिवस कोटेशनमध्ये कधीच नसतो.

तो असता तर काम कसे झाले असते? खांब पक्के वेल्ड झाल्यावर, पहिला पत्रा वर जाण्याआधी, दोन टोकांच्या खांबांमध्ये डोक्याच्या वर आठ किंवा दहा मिलिमीटरची तारदोरी ताणून बांधायची, टोकांना क्लिप आणि ताण देणारा स्क्रू लावायचा. प्रत्येकाच्या हार्नेसला दोन हूक, म्हणजे एक सोडताना दुसरा अडकलेला राहतो. पन्हळीचे ब्रॅकेट कैची वर चढवण्याआधीच, खाली स्लॅबवर ठेवून बसवायचे. बाहेर झुकण्याचे निम्मे काम इथेच संपते. उरलेल्यासाठी कडेला बाहेरून फळ्यांची परांची, तिला वर आणि मध्ये आडवा कठडा, आणि हत्यार खाली घसरू नये म्हणून पायाशी पट्टी. दुपारचा वारा वाढला की पत्रे चढवणे थांबवायचे आणि उघडे गठ्ठे दोरीने बांधून ठेवायचे. यात परदेशातून आणायचे काही नाही. सगळे सामान मडगाव-म्हापशाच्या हार्डवेअर दुकानांत मिळते.

जुन्या कौलारू घराची गोष्ट वेगळी, पण धोका तोच. कौलांखालच्या रिपा आणि वासे वाळवीने आतून पोकळ झालेले असतात, बाहेरून कळत नाही. आधी आतून, माळ्यावर जाऊन, टोचून पाहायचे. मग आढ्यावर आकडा टाकलेली छपराची शिडी वापरायची, कौलांवर पाय द्यायचा नाही. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांवर तर कधीच नाही. गोदामे आणि जुन्या कारखान्यांच्या शेडमध्ये माणूस ‘खिळ्यांच्या ओळीवरून चालतो, खाली पाइप आहे’ या भरवशावर जातो. पाऊल एका इंचाने चुकले की पत्रा फुटतो. मळलेल्या पारदर्शक पत्र्याची जागा वरून ओळखूही येत नाही. तिथे दोन पाइपांवर टेकणाऱ्या रुंद फळ्या आणि खाली जाळी, एवढाच उपाय.

आता समोरच्या बाजूचे म्हणणे ऐकू, कारण त्यात खरेपणा आहे. कामगार बेल्ट काढून ठेवतात, हे खोटे नाही. दहा-दहा वर्षे उंचीवर काम केलेल्या माणसाला भीती उरत नाही, आणि नव्या मुलाला भीती वाटते असे दिसणे नको असते. मे महिन्याच्या घामात हार्नेसचे पट्टे मांड्या सोलतात. दोरी कैचीत अडकते, हात मोकळा राहत नाही. कोणी संध्याकाळी घेतो, कोणी दुपारीही घेतो. हे सगळे मान्य केले, तरी पुढचा प्रश्न उरतोच. माणसे अशी असतात हे ज्या ठेकेदाराला, ज्या मुकादमाला, ज्या अभियंत्याला वर्षानुवर्षे ठाऊक आहे, त्याने कामाची आखणी माणसे अशी नसतील असे धरून का करावी? दर चौरस फुटावर ठरलेला असेल तर हूक काढून पुन्हा लावण्यात गेलेला प्रत्येक मिनिट मुलाच्या खिशातून जातो. बेल्ट न घालण्याचा मोबदला दरातच लिहून ठेवायचा आणि मग त्याला बेशिस्त म्हणायचे, हे न्यायाचे नाही.

सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल १९३३ ते १९३७ या काळात बांधला गेला. त्या काळच्या अमेरिकी बांधकामात दर दहा लाख डॉलर खर्चामागे एक मृत्यू हे गृहीत धरले जाई, जणू निसर्गनियमच. मुख्य अभियंता जोसेफ स्ट्राउस यांनी पुलाखाली संपूर्ण लांबीची जाळी टांगली. तिचा खर्च लाखाहून अधिक डॉलर होता. त्या जाळीत पडून एकोणीस माणसे वाचली. ती सगळी शिस्तीची होती म्हणून जाळीने त्यांना झेलले का? जाळी कुणाची शिस्त विचारत नाही, आणि तेच तिचे मोल आहे. कठडा, परांची, जाळी यांचे रक्षण सगळ्यांना मिळते, घसरलेल्याला आणि निष्काळजी माणसालाही. बेल्ट फक्त ज्याने नीट घातला, नीट अडकवला आणि ज्याच्या खाली पुरेशी जागा आहे त्यालाच वाचवतो. ब्रिटनच्या उंचीवरील कामाच्या २००५ च्या नियमांनी हा क्रम कायद्यातच बसवला: आधी काम जमिनीवर करता येते का पाहा, नाही तर कठडे आणि परांची, आणि तेही अशक्य असेल तर शेवटी जाळी व हार्नेस. पुलाच्या त्याच कामावर १७ फेब्रुवारी १९३७ रोजी एक अवजड परांची सुटली आणि जाळी फाडून खाली गेली. दहा जणांचा जीव गेला. तेव्हाही ‘त्यांनी काय घातले होते’ हा प्रश्न गैरलागू होता. परांची कुणी टांगली, कशाच्या आधारावर, हेच विचारायला हवे होते.

भरपाईकडे येतो. इथे गैरसमज फार आहेत आणि ते कुटुंबांना महाग पडतात. सर्वसाधारण समजूत अशी की मयत दारू प्यालेला होता किंवा त्याने बेल्ट घातला नव्हता, हे सिद्ध झाले की मालक सुटला. कायदा तसे म्हणत नाही. कामगार भरपाईचा कायदा १९२३ चा. आता तो सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० यात सामावला असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. कलमांचे आकडे बदलले, गाभा तोच राहिला. दारूची नशा, सुरक्षेसाठी दिलेल्या स्पष्ट आदेशाचा हेतुपुरस्सर भंग, किंवा सुरक्षा साधन जाणूनबुजून काढून टाकणे, ही सबब मालकाला मिळते. पण फक्त किरकोळ किंवा अंशतः अपंगत्वाच्या दुखापतीत. मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले, तर ही सबब चालत नाही. म्हणजे ज्या बातमीखाली ‘बेल्ट होता का’ म्हणून भांडण होते, नेमक्या त्याच बातमीत भरपाईपुरता तो प्रश्न निरर्थक आहे. अंशतः अपंगत्वातही नुसता हलगर्जीपणा पुरत नाही. स्पष्ट आदेश होता आणि तो हेतुपुरस्सर मोडला, हे मालकाने दाखवायचे असते.

कायद्याने असा कौल का दिला? कारण त्याआधीचा अनुभव वाईट होता. १८३७ मध्ये इंग्लंडच्या न्यायालयापुढे एका खाटकाच्या नोकराचा दावा आला. जास्त भरलेली गाडी मोडून त्याची मांडी मोडली होती. धोका दिसत असूनही तो गाडीत बसला, मग तक्रार कसली, असा न्याय झाला. पुढची साठ वर्षे ‘कामावर आलास म्हणजे धोका पत्करलास’ या एका वाक्यावर गिरण्या, खाणी आणि रेल्वे चालल्या. जर्मनीने १८८४ मध्ये अपघात विम्याचा कायदा करून आणि ब्रिटनने १८९७ च्या कायद्याने हे वाक्य मोडीत काढले. आणि त्याच १८८४ साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेऊन जे निवेदन तयार केले, त्यात रविवारच्या सुट्टीबरोबर हीसुद्धा मागणी होती: कामावर जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि जन्मभरासाठी निकामी झाला तर त्याच्या उदरनिर्वाहाची सोय व्हावी. चूक कुणाची, हा शब्द त्या मागणीत नव्हता. आपल्या भाषेतल्या आपल्या माणसाने १४० वर्षांपूर्वी जे स्पष्ट मांडले, ते आज ‘त्याचीच चूक’ म्हणून खोडून काढताना आपण लोखंड्यांच्या बाजूने बोलतो की गिरणीमालकांच्या?

रक्कम किती, हेही सांगायला हवे, कारण आकडा माहीत नसला की सौदा होतो. जुन्या कायद्याच्या हिशेबात मृत्यू झाल्यास महिन्याच्या मजुरीचा निम्मा भाग गुणिले वयानुसार ठरलेला गुणांक. तिसाव्या वर्षासाठी तो गुणांक २०७.९८. मजुरी दिवसाला नऊशे असली तरी हिशेबात महिन्याला जास्तीत जास्त १५,००० रुपये धरले जातात. ही मर्यादा ३ जानेवारी २०२० पासूनची. म्हणजे ७,५०० गुणिले २०७.९८, बरोबर १५,५९,८५० रुपये. कायमचे संपूर्ण अपंगत्व असेल तर निम्म्याऐवजी साठ टक्के: १८,७१,८२०. महिन्याभरात दिले नाहीत तर १९२३ च्या कायद्याप्रमाणे वर्षाला १२ टक्के व्याज, आणि योग्य कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंडाची रक्कम वेगळी. रक्कम अपघाताच्या दिवसापासूनच देय होते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये सांगितले. तो खटलाही पडण्याचाच होता: ओडिशातल्या एका चित्रपटगृहात नक्षीकाम करणारा सुतार पडला आणि त्याचा डावा हात कापावा लागला. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून हे त्याच्यापुरते संपूर्ण अपंगत्व आहे, असे न्यायालयाने मानले. परांचीवर काम करणाऱ्याच्या टाचेचे हाड मोडले आणि त्याला पुन्हा शिडी चढता येईना, तर त्याचे अपंगत्व दहा टक्के मोजायचे की त्याचा धंदाच गेला म्हणून मोजायचे, याचे उत्तर या निकालाच्या दिशेने शोधावे लागते.

प्रत्यक्षात काय होते? शवागाराबाहेर एक मध्यस्थ, दोन नातेवाईक, ठेकेदाराचा माणूस. मृतदेह विमानाने किंवा रेल्वेने गावी पाठवण्याचा खर्च आणि वर दीड-दोन लाख, त्याबदल्यात ‘आमची काही तक्रार नाही’ असा स्टॅम्प पेपर. नातेवाइकांना परत जायची घाई असते, भाषा येत नाही. हा कागद कायद्याने रद्दबातल आहे. हक्क सोडून देण्याचा करार वैध होत नाही, आणि मृत्यूच्या बाबतीत कुटुंबाच्या हातात परस्पर दिलेले पैसे भरपाई म्हणून धरले जात नाहीत. रक्कम कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जमा करावी लागते, वाटप तो करतो. दावा दोन वर्षांच्या आत करता येतो, पुरेसे कारण असेल तर नंतरही. आणि तो पणजीतच येऊन करायचा असेही नाही: कुटुंब जिथे राहते तिथे, म्हणजे कर्नाटकातल्या गदगला किंवा झारखंडातल्या गुमल्यालाही दाखल होतो. ही एक गोष्ट शवागाराबाहेर कोणी सांगितली असती तर किती स्टॅम्प पेपर लिहिलेच गेले नसते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. छोटा फॅब्रिकेटर स्वतः कालपर्यंत वेल्डर होता. साडेपंधरा लाख त्याच्याकडे नाहीत, आणि त्याला बुडवून कुटुंबाला काहीच मिळणार नाही. बरोबर आहे. पण हा आक्षेप भरपाईच्या विरुद्ध जात नाही, तो विम्याच्या बाजूने जातो. कामगार भरपाईची विमा पॉलिसी सर्वसाधारण विमा कंपन्या विकतात, ती एका कामापुरती, ठरावीक महिन्यांसाठीही घेता येते, आणि हप्ता मजुरीच्या प्रमाणात असतो. जिथे कर्मचारी राज्य विमा लागू आहे तिथे ते संरक्षण वेगळे. आज अडचण अशी की जो ठेकेदार विमा काढतो, परांची भाड्याने आणतो, आधाराची जागा बसवतो, त्याचे कोटेशन जास्त निघते आणि काम दुसऱ्याला जाते. प्रामाणिक माणसाला बाजारातून बाहेर ढकलणारी ही स्पर्धा आहे. सगळ्यांनाच बंधन केले तर छोट्या ठेकेदाराचे नुकसान होत नाही, उलट त्याला दर मागायला आधार मिळतो.

तिसरा आक्षेप घरमालकाचा. मी शिक्षिका, मी निवृत्त बँक अधिकारी, मला परांचीतले काय कळते? मी काम ठेक्याने दिले, माझी जबाबदारी संपली. कायद्यानेही त्यांना पुष्कळ अंशी असे म्हणू दिले आहे. ठेकेदाराने भरपाई दिली नाही तर मूळ काम देणाऱ्याने द्यावी, हे तत्त्व कायद्यात आहे, पण ते जो आपल्या धंद्याचा भाग म्हणून काम देतो त्याच्यापुरते. म्हणून हॉटेल, बिल्डर, कारखाना यांच्यावर ते लागते. स्वतःच्या घराचे छप्पर करून घेणारा त्यातून निसटतो. बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्याचे सुरक्षा नियम दहापेक्षा कमी कामगारांच्या कामाला लागू नव्हते, आणि दहाची ती उंबरठ्याची रेघ कामाच्या जागेच्या सुरक्षेसाठी आलेल्या नव्या, वेगळ्या संहितेनेही ठेवली. चार मुलांची फॅब्रिकेटरची टोळी त्या रेघेखालून जाते. भरपाईच्या कायद्याला मात्र दहाची अट नाही: एकाहून जास्त मजल्यांची इमारत, किंवा जमिनीपासून छपराच्या टोकापर्यंत बारा फूट वा अधिक उंची, एवढे पुरते. ताडामाडांचा सूर, म्हणजे ताडी-माडी काढण्याचे कामसुद्धा त्या यादीत आहे, म्हणजे कुणाच्या पदरी काम करणारा रेंदेरही. याचा अर्थ असा की आज आपल्या कायद्यात भरपाईचे जाळे सुरक्षेच्या जाळ्यापेक्षा मोठे आहे. माणूस मेल्यावर कायदा पोहोचतो, चढण्याआधी पोहोचत नाही.

हे उलटे करता येते, आणि घरमालकाला तज्ज्ञ न बनवता. ब्रिटनने २०१५ मध्ये बांधकाम सुरक्षेच्या नियमांत घरगुती ग्राहकालाही आणले, पण त्याची कर्तव्ये आपोआप ठेकेदाराकडे जातील अशी तरतूद केली. ग्राहकाने फक्त ठेकेदार लायक निवडायचा. आपल्याकडे दुरुस्तीसाठी पंचायतीची किंवा पालिकेची परवानगी लागतेच. त्या अर्जाला दोन कागद जोडणे सक्तीचे करा: चालू कामगार भरपाई विमा, आणि काम कसे होणार याचे एक पान. त्या पानावर छपराची उंची, कडा कशी रोखणार, आधाराची जागा कुठे, परांची कुणाची, वारा-पावसात काम कधी थांबणार, आणि कोणी लटकला तर त्याला खाली कसे आणणार. हे शेवटचे कुणी विचारतच नाही. हार्नेसमध्ये निश्चल लटकलेल्या माणसाच्या पायांत रक्त साचत जाते आणि काही मिनिटांत तो बेशुद्ध होऊ शकतो; १०८ ची गाडी आली तरी तिच्याकडे चौथ्या मजल्यापर्यंत पोहोचणारी शिडी नसते. सोसायटीच्या समितीने तर परवानगीची वाटही पाहू नये. तीन कोटेशन मागवताना प्रत्येकात परांची आणि आधाराच्या जागा ही स्वतंत्र ओळ मागावी. ती ओळ नसलेले कोटेशन उघडूच नये. आणि नवी इमारत बांधताना वास्तुरचनाकाराने गच्चीच्या स्लॅबमध्येच आठ-दहा कड्या गाडून घेतल्या तर पुढची चाळीस वर्षे रंगारी, एसीवाला, पत्रेवाला सगळ्यांना हूक अडकवायला जागा मिळेल. इमारतीच्या खर्चात तो आकडा दिसणारही नाही.

यावर कोणी म्हणेल, कागद वाढतील, हात ओले होतील, प्रत्यक्षात काही बदलणार नाही. भीती खोटी नाही. ४ जानेवारी २०१४ रोजी काणकोणला चावडी या गावात बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून ३१ जण गेले, तेव्हाही परवानग्यांचे कागद होतेच. म्हणून कागद पुरेसा नाही, त्यावर नाव लागते. त्या एका पानावर ठेकेदाराची आणि काम देणाऱ्याची सही असेल, तर अपघातानंतर ‘मला माहीत नव्हते’ म्हणायला जागा राहत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली निष्काळजीपणाने मृत्यूचा गुन्हा नोंद होतो खरा, पण खटला उभा राहतो तेव्हा निष्काळजीपणा नेमका कशात होता हे सांगणारा पुरावा क्वचितच हाती असतो.

तो पुरावा पंचनाम्यात गोळा होतो किंवा कायमचा हरवतो. दुसऱ्या दिवशी परांची उतरवलेली असते, तारेचे तुकडे भंगारात गेलेले असतात आणि गच्ची धुतलेली असते. आज ‘मयताने सुरक्षा पट्टा वापरला नसल्याचे दिसून आले’ हे एक वाक्य लिहून पान बंद होते. त्या पानावर फूटपट्टी लावून मोजलेले आकडे हवेत: जमिनीपासून उभे राहण्याच्या जागेची उंची, कठड्याची उंची, कडेपासूनचे अंतर, पायाखाली काय होते. हार्नेस सापडला तर तो कोणत्या प्रकारचा, झटका शोषणारी घडी उसवलेली आहे की शाबूत, हूक कुठे अडकलेला होता. आणि हूक अडकवण्याजोगी पक्की जागा त्या गच्चीवर एकही नव्हती, असे असेल तर तेही स्पष्ट शब्दांत, छायाचित्रासह. मग काम कुणी दिले, दर कसा ठरला होता आणि मुदत कुठली होती, हे जबाब त्याच दिवशी, आणि त्याची प्रत पणजीच्या श्रमशक्ती भवनात, म्हणजे कामगार आयुक्तांच्या कार्यालयात, कुटुंबाने मागण्याची वाट न पाहता.